मूळ वेगाची राखण

महाराष्ट्रातल्या वाचकासमोर ‘विंटेज गाडी’ हा शब्द आला की सहसा एखाद्या रविवारी सकाळी मुंबईच्या रस्त्यांवरून सावकाश निघालेले संचलन उभे राहते : लखलखीत पितळी दिवे, वडिलोपार्जित गाडी अभिमानाने चालवणारे मालक आणि दुतर्फा थांबून पाहणारे लोक. त्या संचलनामागे जिव्हाळा आणि परिश्रम दोन्ही असतात. मात्र प्रस्तुत पुस्तकाचा विषय त्याहून वेगळ्या आणि बऱ्याच खडतर परंपरेचा आहे. साठ, सत्तर, क्वचित शंभर वर्षांपूर्वी केवळ शर्यतीसाठी बांधलेली गाडी आज पुन्हा शर्यतीत उतरवायची, तीही मिरवण्यासाठी नव्हे तर जिंकण्याच्या इराद्याने पूर्ण वेगात हाकायची, असा उद्योग युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात अनेक दशके चालू आहे, आणि त्याला ‘ऐतिहासिक मोटारशर्यती’ असे म्हणतात. ‘विंटेज’ या शब्दाची व्याप्ती तिथे काटेकोर आहे. 1934 साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या व्याख्येनुसार 1930 अखेरपर्यंत बांधलेली गाडीच त्या नावाला पात्र ठरते. बोलण्यात हा शब्द सैल वापरला जात असला, तरी पुढील प्रकरणांत सर्व कालखंडांतील गाड्यांसाठी ‘ऐतिहासिक’ हाच शब्द योजला आहे.

या गाड्यांपैकी उघड्या चाकांच्या गाड्या येथे मध्यवर्ती आहेत. ज्या गाडीची चारही चाके मडगार्डाखाली किंवा पत्र्याच्या आवरणाखाली न राहता मुख्य सांगाड्याच्या बाहेर उघडी फिरतात, आणि जिच्यात चालकापुरतीच जागा असते, ती ही गाडी होय. ग्रां प्रीसाठी आणि पुढे फॉर्म्युला वनसाठी बांधलेल्या बहुतेक गाड्या याच घडणीच्या आहेत. तिच्यावर दिवे, दारे, सामानाची जागा असे काहीही नसते, त्यामुळे रस्त्यावरच्या वाहनाची कोणतीही सबब तिला सांगता येत नाही. शर्यत वजा केली तर तिला दुसरे प्रयोजनच उरत नाही, आणि म्हणूनच ती जतन करण्याचा प्रश्न इतर जुन्या वाहनांपेक्षा अधिक टोकदार होतो.

शर्यतीच्या मोटारीचा सारा इतिहास सुधारणेचा आहे. काल जिंकलेली गाडी आज मागे पडते, म्हणून तिचे इंजिन बदलले जाते, सांगाडा कापून पुन्हा जोडला जातो, आणि हंगाम संपला की ती निरुपयोगी ठरून कोपऱ्यात पडते किंवा भंगारात जाते. ऐतिहासिक शर्यतीत नेमक्या याच प्रवृत्तीला बंदी आहे. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या, क्रीडासंहितेतील ‘परिशिष्ट के’ हा या क्षेत्राचा मूळ नियमग्रंथ असून, गाडी तिच्या काळात प्रत्यक्ष ज्या रचनेत धावली त्याच रचनेत ती आजही असली पाहिजे, हे त्याचे मुख्य सूत्र आहे. गाड्यांची विभागणी इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या कालखंडांत केलेली असते. उदाहरणार्थ, 1919 ते 1930 हा ‘सी’ कालखंड आणि 1947 ते 1961 हा ‘ई’. प्रत्येक गाडीला ऐतिहासिक तांत्रिक पासपोर्ट दिला जातो, ज्यात तिचे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, चाकांची मापे आणि छायाचित्रे नोंदलेली असतात, आणि शर्यतीआधीच्या तपासणीत अधिकारी ही नोंद आणि समोरची गाडी ताडून पाहतात. जिंकायचे आहे, पण गाडी सुधारायची नाही. अशा दुहेरी बंधनात स्पर्धक उभा असतो, आणि या क्रीडाप्रकाराचे सारे आकर्षण, त्यातले सारे वाद आणि सारी अप्रामाणिकताही या बंधनातूनच जन्माला येते, असे या पुस्तकाचे प्रतिपादन आहे.

हेच बंधन शर्यतीच्या मार्गालाही लागू करता येते, याचे उत्तम उदाहरण इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील गुडवूड येथे आढळते. दुसऱ्या महायुद्धात वेस्टहॅम्पनेट नावाचा लढाऊ विमानांचा तळ तेथे होता, आणि त्याच्या कडेने फिरणाऱ्या रस्त्यावर 18 सप्टेंबर 1948 रोजी पहिल्या शर्यती झाल्या. त्या दिवशी पाचशे सीसी गाड्यांच्या शर्यतीत आदल्याच दिवशी एकोणीस वर्षांचा झालेला स्टर्लिंग मॉस कूपर गाडीतून पहिला आला. पुढे 1962 मध्ये याच मार्गावरील भीषण अपघाताने मॉसची अव्वल दर्जाची कारकीर्द संपली. गाड्यांचा वेग वाढत गेला तसे मार्गात फेरफार करणे भाग पडणार हे दिसू लागले, तेव्हा मालक असलेल्या ड्यूक ऑफ रिचमंड यांनी ते न करता 1966 मध्ये शर्यतीच थांबवल्या. त्या निर्णयामुळे मार्ग जवळपास जसाच्या तसा राहिला, आणि बरोबर पन्नास वर्षांनी, 18 सप्टेंबर 1998 रोजी, ड्यूकच्या नातवाने तेथे गुडवूड रिव्हायव्हल हा उत्सव सुरू केला, ज्यात 1966 पर्यंतच्याच गाड्या धावतात. ओसाड विमानतळावर शर्यती भरवण्याची ही युद्धोत्तर रीत भारतालाही अपरिचित नव्हती. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर अनेक दशके शर्यती झाल्या, मात्र त्या जागेला गुडवूडसारखे दुसरे आयुष्य लाभले नाही.

जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंगवर 1973 पासून आणि कॅलिफोर्नियातील लागुना सेका येथे 1974 पासून ऐतिहासिक गाड्यांचे मोठे मेळावे भरू लागले. मोनॅकोतील ऐतिहासिक ग्रां प्री त्यामानाने अलीकडची आहे. ग्रिमाल्दी घराण्याच्या सत्तेला सातशे वर्षे झाल्यानिमित्त 1997 मध्ये ती प्रथम झाली, आणि 2000 पासून साधारणपणे दर दोन वर्षांनी होते. आधुनिक फॉर्म्युला वन शर्यतीसाठी शहराच्या रस्त्यांवर कठडे उभे केलेले असतातच, त्यांचा उपयोग करून ती मुख्य शर्यतीच्या काही आठवडे आधी उरकली जाते. 1929 मध्ये पहिली मोनॅको ग्रां प्री विल्यम ग्रोव्हर-विल्यम्सने ज्या जातीच्या बुगाटी गाडीतून जिंकली, त्या टाइप 35 घराण्यातल्या गाड्या आज त्याच चढावर, त्याच कॅसिनोसमोरून आणि त्याच बंदराच्या कडेने पुन्हा धावतात.

या परंपरेत एका गाडीच्या घराण्याकडे भारतीय वाचकाचे विशेष लक्ष जावे. इंग्लिश रेसिंग ऑटोमोबाइल्स, म्हणजे ‘ईआरए’, ही संस्था रेमंड मेज, हम्फ्री कुक आणि पीटर बर्थन यांनी 1930च्या दशकात लिंकनशर परगण्यातील बोर्न या छोट्या गावी स्थापन केली. ग्रां प्रीच्या मुख्य वर्गात जर्मन कारखान्यांपुढे टिकाव लागणे अशक्य दिसत असल्याने, दीड लिटर क्षमतेच्या गाड्यांच्या धाकट्या वर्गावर तिने आपला भर ठेवला. तिचे सर्वांत नामवंत ग्राहक म्हणजे सयामचे राजपुत्र बिराबोंग्से, जे शर्यतीच्या जगात ‘बिरा’ या छोट्या नावाने ओळखले जात. 1935 मध्ये एकविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून चुलतभाऊ राजपुत्र चुला यांनी त्यांना पहिली ईआरए दिली, तिचे नाव ‘रोम्युलस’ ठेवले गेले. दुसरी ‘रीमस’ झाली, आणि नंतर आलेल्या गाडीला या दोघांनी ‘हनुमान’ असे नाव दिले. सयामी रामायण म्हणजे ‘रामकियेन’ ज्या घरात लहानपणापासून ऐकले गेले, तेथील तरुणांना वाऱ्याच्या वेगाने झेपावणाऱ्या यंत्रासाठी हेच नाव सुचावे यात नवल नाही. 1936 मध्ये मोनॅकोत धाकट्या वर्गाची शर्यत बिरांनी रोम्युलस गाडीतून जिंकली. या घराण्यातल्या गाड्या थोड्याच बांधल्या गेल्या, पण बहुतेक टिकल्या, आणि त्यांपैकी कित्येक युद्धाची वर्षे सोडता बांधल्यापासून आजतागायत जवळजवळ सलग शर्यतीत आहेत. संग्रहालयात जाऊन परत आलेली गाडी आणि कधी थांबलीच नाही अशी गाडी यांत जो फरक असतो, तो ईआरए शेजारून गेली की ध्यानात येतो.

अशी गाडी चालवण्याची रीत आजच्या चालकाला नव्याने शिकावी लागते. ईआरएचे सहा सिलिंडरचे इंजिन रायली कंपनीच्या इंजिनावरून विकसित केलेले असून त्यावर सुपरचार्जर असतो, म्हणजे इंजिनानेच फिरवलेला एक पंप, जो हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबाखाली सिलिंडरमध्ये कोंबतो. गिअरबॉक्स पूर्वनिवडीचा आहे : चालक पुढचा गिअर दांडीने आधीच निवडून ठेवतो, पण तो प्रत्यक्ष पडतो डाव्या पायाखालचे पेडल दाबल्यावर. वळणात शिरण्यापूर्वी हात दांडीवरून मोकळा होऊन स्टिअरिंगवर परत आलेला असतो, ही त्यातली सोय; आणि निवड चुकली तर पेडल दाबताच चुकीचा गिअर निर्दयपणे पडतो, ही त्यातली शिक्षा. दुसरीकडे 1950च्या दशकातील काही माझेराती 250एफ गाड्यांत ॲक्सिलरेटर मध्ये आणि ब्रेक उजवीकडे असे. आधुनिक मोटारीवर वर्षानुवर्षे घोटलेले पाय घाबरल्या क्षणी जुन्या सवयीने पडतात, आणि ब्रेक हवा असताना वेग वाढतो. 1957 मध्ये न्यूर्बुर्गरिंगवर हुआन मान्युएल फान्जिओने इंधन व चाके घेण्यासाठी थांबून गमावलेली आघाडी दोन फेरारी गाड्यांना मागे टाकून परत मिळवली ती 250एफ गाडीतूनच. ती शर्यत वर्णनांतून सर्वांना ठाऊक आहे. पण अरुंद टायर, ड्रम ब्रेक आणि हाताला सतत झटके देणारे स्टिअरिंग यांच्यासह तो वेग राखणे म्हणजे काय, हे समजण्याचा मार्ग तशी गाडी तशा वेगाने चालवण्यातूनच जातो.

टायरचा उल्लेख येथे थोडा विस्ताराने करणे आवश्यक आहे, कारण जुन्या आणि नव्या गाडीतला सर्वांत मोठा फरक इंजिनात नसून जमिनीला टेकणाऱ्या त्या तळहाताएवढ्या रबरात आहे. या गाड्यांना आडव्या-तिरप्या धाग्यांच्या थरांनी बनलेले क्रॉसप्लाय टायर लागतात. डनलॉपसारखी कंपनी ते आजही जुन्या नमुन्यानुसार बनवते. आधुनिक टायर मर्यादेपर्यंत घट्ट पकडून ठेवतो आणि ती ओलांडली की एकदम सोडतो. क्रॉसप्लाय मात्र हळूहळू, जणू सूचना देत सरकू लागतो, त्यामुळे कुशल चालक वळणात गाडी चारही चाकांवर किंचित बाहेर सरकत ठेवतो आणि तिची दिशा स्टिअरिंगइतकीच ॲक्सिलरेटरने ठरवतो. या तऱ्हेला चार चाकी ड्रिफ्ट म्हणतात. ड्रम ब्रेक तापले की ड्रम प्रसरण पावून आतल्या पट्ट्यांपासून दूर जातो आणि पट्ट्यांचे घर्षणही घटते, म्हणून ब्रेक कधी जपून वापरायचे आणि कधी सढळपणे, याचा हिशेब शर्यतभर चालू ठेवावा लागतो. एखाद्या उत्साही स्पर्धकाने छुप्या रीतीने आधुनिक रबर किंवा मोठे ब्रेक बसवले तर फेरीमागे काही सेकंद नक्की वाचतील. पण त्याच क्षणी ही सारी विद्या त्या गाडीतून निघून जाईल.

इंधन आणि तेल यांचीही तीच कथा. 1957 अखेरपर्यंत ग्रां प्री गाड्या मिथेनॉलयुक्त मिश्रणांवर चालत, कारण त्यांच्या बाष्पीभवनाने इंजिन आतून थंड राहते; पण तेच मिश्रण टाकीत व नळ्यांत राहू दिले तर हलक्या धातूंना खाते, म्हणून प्रत्येक शर्यतीनंतर ते काढून सारी यंत्रणा धुवावी लागते. वंगणासाठी अनेक गाड्यांत आजही एरंडेलापासून बनवलेले तेल वापरतात. मराठी घरांत औषध म्हणून परिचित असलेले हे तेल तापलेल्या धातूला असे चिकटून राहते की त्या काळी त्याला तोड नव्हती. मात्र ते चिकट डिंकासारखे साचते आणि खनिज तेलात मिसळत नाही, म्हणून वारंवार बदलावे लागते. गाड्या उभ्या राहतात त्या आवारात, ज्याला पॅडॉक म्हणतात, जळलेल्या एरंडेलाचा वास भरून राहिलेला असतो.

गाडी सुधारायची नाही, हे मान्य केले तरी ती झिजते, मोडते, आदळते. तुटलेला भाग नवा घातला तर गाडी तीच राहते का, हा प्रश्न तत्त्वचिंतकांना प्राचीन असला तरी या क्षेत्रात तो कोट्यवधी रुपयांचा आहे. त्यावर ब्रिटनच्या उच्च न्यायालयाने 1990 मध्ये दिलेला निर्णय फार उद्बोधक आहे. गाडी उघड्या चाकांची नव्हती, पण तत्त्व सर्वांना लागू आहे. 1929 आणि 1930 अशी दोन वर्षे ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली पुढे मोठ्या इंजिनाने पुन्हा बांधली गेली, 1932 मध्ये ब्रुकलँड्सवर एका जीवघेण्या अपघातात मोडली, आणि त्यानंतरही बदलत राहिली. एका व्यवहारात खरेदीदाराने ती अस्सल नसल्याचा दावा केला, तेव्हा न्यायमूर्ती ऑटन यांनी असा निष्कर्ष काढला की जिंकलेल्या दिवसाचे थोडेच लोखंड तिच्यात शिल्लक असले, तरी तिचे अस्तित्व कोणत्याही टप्प्यावर खंडित झालेले नाही, आणि तिची जागा दुसऱ्या कोणत्याही गाडीला सांगता येत नाही. म्हणून ती ‘ओल्ड नंबर वन’च आहे. अस्सलपणा धातूत शोधण्याऐवजी अखंड चालत आलेल्या इतिहासात शोधावा, हा तो दृष्टिकोन. काचेच्या कपाटात ठेवलेल्या पखवाजाची शाई सुकते आणि वादी सैल पडते, आणि जो रोज वाजतो त्याची पुडी वेळोवेळी बदलली तरी नाद त्याच वाद्याचा मानला जातो, तसाच हा निवाडा आहे.

अर्थात या तत्त्वाचा गैरफायदाही घेतला जातो. एका सांगाड्याचे दोन तुकडे दोन ठिकाणी सापडावेत, दोन्हींभोवती गाड्या उभाराव्यात, आणि दोघांनीही एकाच क्रमांकावर हक्क सांगावा, अशी प्रकरणे या क्षेत्रात घडली आहेत. याउलट ऑटो युनियन या जर्मन कारखान्याच्या युद्धपूर्व शर्यतीच्या गाड्या 1945 नंतर सोव्हिएत सैन्याने उचलून नेल्या, त्यांचे विखुरलेले सांगाडे अनेक दशकांनी पूर्व युरोपातून मिळाले, आणि त्यांभोवती इंग्लंडमधील कारागिरांनी सोळा आणि बारा सिलिंडरच्या यंत्रणा पुन्हा उभ्या केल्या. तेथे नव्या धातूचे प्रमाण मोठे असूनही लपवाछपवी नव्हती. प्रतिकृती उघडपणे प्रतिकृती म्हणून धावत असेल तर तिला मैदानात जागा असावी. जुन्या क्रमांकाच्या पट्टीखाली दडलेल्या नव्या गाडीला ती नसावी.

किमती हा या छंदाचा खरा शत्रू आहे. गाडीचे मोल एका मर्यादेपलीकडे गेले की मालक तिला शर्यतीत न उतरवता तिजोरीतल्या ऐवजासारखी बंद ठेवतो, किंवा तिच्याऐवजी प्रतिकृती धाडतो. म्हणूनच या पुस्तकात फॉर्म्युला ज्युनिअरला सर्वांत प्रदीर्घ प्रकरण दिले आहे. इटलीचे काउंट जोव्हानी लुरानी यांच्या कल्पनेतून 1950च्या दशकाच्या अखेरीस हा वर्ग अस्तित्वात आला आणि 1963 पर्यंत टिकला. सामान्य कारखानी मोटारीचे इंजिन आणि गिअरबॉक्स वापरायचे, एक लिटर क्षमतेला किमान 360 किलो आणि 1100 सीसीला किमान 400 किलो वजन ठेवायचे, असे त्याचे नियम होते. सुरुवातीला फियाट इंजिनाच्या, चालकापुढे इंजिन असलेल्या इटालियन स्टँग्वेलिनी गाड्या आघाडीवर होत्या. 1960 पासून फोर्ड अँग्लियाचे इंजिन कॉसवर्थने घडवून बसवलेल्या, इंजिन चालकामागे ठेवणाऱ्या लोटस 18 आणि तिच्या वारसदारांनी त्यांना मागे टाकले, आणि जिम क्लार्कसारखा चालक याच पायरीवरून वर गेला. अवघ्या पाच-सहा हंगामांत पुढच्या इंजिनाकडून मागच्या इंजिनाकडे आणि नळ्यांच्या सांगाड्याकडून पत्र्याच्या कवचाकडे झालेला सारा प्रवास या एका वर्गात पाहायला मिळतो, तोही तुलनेने आवाक्यातल्या खर्चात. लुरानींच्या नावाचा करंडक या गाड्यांसाठी आजही युरोपभर लढवला जातो.

धोक्याविषयी स्पष्ट बोलणे येथे कर्तव्य आहे. उघड्या चाकांच्या गाडीचे पुढचे चाक दुसऱ्या गाडीच्या मागच्या चाकाला लागले तर फिरणारे रबर एकमेकांवर चढते आणि मागची गाडी हवेत फेकली जाते. नंतरच्या काळातील गाड्यांना उलटल्यास डोके वाचवणारी कमान, पट्टे आणि अग्निशामक बसवावे लागतात, हेल्मेट आणि मानेचा आधार आधुनिक असतो. युद्धपूर्व गाड्या मात्र अनेकदा पट्ट्यांशिवायच चालतात, कारण कमान नसताना पट्ट्याने जखडून घेणे अधिक घातक ठरते. हे धाडस सर्वांनी करावे असे नाही. पण ते करणारे निष्काळजी असतात, हा समज चुकीचा आहे. स्टिअरिंगचे दांडे, चाकांचे आस आणि मॅग्नेशियमचे ओतीव भाग ठरावीक काळाने उतरवून रंगद्रव्याने किंवा चुंबकीय पद्धतीने सूक्ष्म तडे शोधले जातात, आणि ओतकाम, गिअर कापणे, ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून वळवणे अशी कौशल्ये या तपासणीच्या गरजेनेच छोट्या कार्यशाळांतून जिवंत राहिली आहेत.

परदेशात शर्यतीला जाणाऱ्या स्पर्धकाची कागदपत्रे हा रूक्ष भाग परिशिष्टात दिला आहे. भारतीय स्पर्धकाला एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाकडून परवाना घ्यावा लागतो, गाडीसाठी पासपोर्ट हवा, आणि सीमाशुल्क न भरता ती तात्पुरती दुसऱ्या देशात नेऊन परत आणण्यासाठी एटीए कार्ने नावाचे हमीपत्र वापरता येते. गाडी विकत घेण्याची ऐपत नसणाऱ्याला एखाद्या संघाकडून ती हंगामापुरती भाड्याने घेऊन उतरता येते. अनेकांचा प्रवेश असाच होतो.

पुढील दशकांचे प्रश्न मात्र वेगळे आहेत. इंधनाबाबत वाट सापडू लागली आहे. 2024 च्या गुडवूड रिव्हायव्हलमध्ये सर्व शर्यती शाश्वत घटकांपासून बनवलेल्या इंधनावर झाल्या. अवघड आहे ते इलेक्ट्रॉनिक युगाचे. 1967 मध्ये झांडव्होर्ट येथे पहिल्याच शर्यतीत जिंकलेले आणि 1983 पर्यंत 155 विजय मिळवणारे कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन आजही कार्यशाळेत उघडून, मोजून, पुन्हा जोडता येते, कारण त्यातले सारे ज्ञान धातूच्या आकारात आहे. 1990च्या दशकातल्या गाड्यांत सस्पेन्शन आणि गिअर यांचे नियंत्रण संगणकीय आज्ञावलींकडे गेले. त्या चालवणारे मूळ संगणक दुर्मीळ झाले, आणि आज्ञावली लिहिणारे अभियंते निवृत्त होत आहेत. 2014 नंतरच्या संकरित शक्तियंत्रणा तर कारखान्याच्या मदतीविना सुरू करणेही खासगी मालकाला जवळपास अशक्य आहे. अशा गाडीला नवी आज्ञावली लिहून धावते केले तर ती ‘परिशिष्ट के’च्या अर्थाने तीच गाडी राहील का, यावर नियमकर्त्यांत आणि कार्यशाळांत आता कुठे चर्चा सुरू झाली आहे, आणि शेवटच्या प्रकरणात त्या चर्चेतील दोन्ही बाजू सविस्तर मांडल्या आहेत.